नसलेल्या ग्रहाची पाटी

फोन म्हात्रेकाकांचा होता. ठाण्याच्या ज्या साप्ताहिकात मी काम करते तिथे मुद्रितं तपासत बसले होते. एरवी काकांचा आवाज रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो, त्या दिवशी ते हळू म्हणाले, "बाय, तुझी मावशी गेली गो." मग नुसती खरखर... कुठली मावशी, हे विचारायची गरज नव्हती. मला सख्खी मावशी नाही. कुमुदमावशी म्हणजे डोंबिवली पश्चिमेला आमच्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात तिची सगळी नोकरी झाली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. कुणाला त्रास नाही, कुणाची धावपळ नाही, अगदी स्वभावाप्रमाणे गेली, असं लोक म्हणाले. मला ते पटलेलं नाही. ती लोकांना भरपूर त्रास देत असे, आणि तो दिलाच पाहिजे असं तिचं मत होतं.

त्याला आता दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन आला. मी शाळेत होते तेव्हापासून ते आमच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष आहेत. यंदाचा देखावा मावशीच्या स्मरणार्थ करायचा म्हणाले. एकोणनव्वद साली तिनं केला होता तोच, दूरच्या ताऱ्याभोवतीचा थंड ग्रह. गोळा अजून मंडळाच्या गोडाऊनमध्ये आहे, फक्त रंग द्यायचा. "आनि कॅशेटीत आवाज तुझाच पायजे, तवा व्हता तसा." मी विचारलं, "आणि पाटी?" काका म्हणाले, "पाटीचा मंग बघू." हा लेख मी त्या 'मंग बघू'मुळे लिहायला घेतला. ज्या एका पाटीसाठी तिनं सगळ्यांशी भांडण घेतलं, ती वगळून तिचं स्मरण होणार असेल तर ते मला नको आहे. आणि का नको, हे वाचकांना कळायला हवं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. बाबा नोकरी सांभाळून अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते आणि गटाचं सगळं छापील साहित्य आमच्या पलंगाखाली असे. भानामती, अंगात येणं, ग्रहणात जेवावं की नाही... चार पानं, पिवळसर कागद, शेवटी 'वाचा आणि दुसऱ्याला द्या'. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. फसलेल्या छपाईच्या पाठकोऱ्या कागदांवर गणितं केली. छापलेलं ते खरं, आणि आपण छापलेलं तर त्याहून खरं, अशी माझी ठाम समजूत होती. मावशी संध्याकाळी कामावरून आली की चहाला आमच्याकडे येई आणि आधी पेन्सिल मागे. पत्रक वाचता वाचता एखाद्या वाक्याखाली रेघ मारून बाबांना विचारी, "मधू, हे कुणी मोजलं?" बाबा चिडत. "कुमुद, हे प्रबोधन आहे, तुझ्या कंपनीचा नट-बोल्ट नाही." ती म्हणे, "नट-बोल्ट असता तर मी कमी विचारलं असतं. नट बसत नसला की आपोआप कळतं."

हा तिचा रेघ मारण्याचा स्वभाव कुठून आला ते सांगायला तिच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. ती ट्रेसर होती. इंजिनिअरच्या पेन्सिलच्या ड्रॉइंगवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, शाईनं गिरवायचं, मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघतात आणि वर्कशॉपमध्ये जातात. एखादं माप बदललं तर ते ट्रेसिंगवर बदलायचे दोन मार्ग असतात. पहिला, अर्ध्या ब्लेडनं जुना आकडा खरवडायचा आणि त्याच जागी नवा घालायचा. कागद स्वच्छ दिसतो, साहेब खूश. दुसरा, जुन्या आकड्यावर रेघ मारायची, अशी की तो खालून वाचता यावा. शेजारी नवा लिहायचा, त्याला छोटा त्रिकोण काढायचा, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत काय होतं, काय झालं, कुणी केलं ते लिहून सही करायची. नियम दुसऱ्या मार्गाचा असतो, घाईत चालतो पहिला. तिच्या नोकरीच्या सुरुवातीला एका साहेबानं यंत्रापुढच्या संरक्षक जाळीचं माप असंच ब्लेडनं बदललं. जुनी प्रिंट आधीच खाली गेली होती. तिच्यावरून जाळी बनली, तोकडी पडली, आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. चौकशीच्या वेळी ट्रेसिंग काढलं तर त्यावर बरोबर माप, एकदम स्वच्छ. वर्कशॉपमधली प्रिंट तोवर गायब झाली होती. ठपका जाळी बनवणाऱ्या फिटरवर आला. मावशी उभी राहून म्हणाली की इथे आधी वेगळा आकडा होता, मीच गिरवला होता. साहेब म्हणाले, दाखवा. दाखवायला काही नव्हतं. फिटरला कामावरून काढलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हातातली पेन्सिल उगाच कागदावर फिरवत राहिली. "खरवडलेला कागद सगळ्यात स्वच्छ दिसतो ना गं," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं ब्लेडला हात लावला नाही. तिची ट्रेसिंग मळकट दिसतात अशी तक्रार शेवटपर्यंत होती, आणि बढती दोनदा हुकली त्यात या मळकटपणाचा वाटा होता असं ती हसत सांगे.

तर तो ग्रह. बाबांच्या गटानं आकाशावर काही पत्रकं काढली, त्यातल्या एकात तो होता. भुजंगधारी तारकासमूहात एक लाल तारा आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर. म्हणजे आपल्या सूर्याचा अगदी शेजारीच. आकाशातून तो बाकीच्या ताऱ्यांच्या मानानं भरभर सरकतो आणि सरकताना किंचित डगमगतो. त्या डगमगण्यावरून कळलं, की त्याच्याभोवती गुरूपेक्षाही जड असा एक ग्रह फिरतो आहे, एका फेरीला चोवीस वर्षं घेत. बाबांनी हे एका जुन्या इंग्रजी मासिकावरून घेतलं होतं. मावशीनं सवयीनं विचारलं, हे कुणी मोजलं? आणि या वेळी बाबांकडे उत्तर होतं. खगोलशास्त्रज्ञ काचेच्या पट्ट्यांवर ताऱ्याचे फोटो घेतात, वर्षानुवर्षं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्याची जागा मोजतात. फरक असतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. मावशी चहा विसरली. जन्मभर अर्ध्या मिलिमीटरशी झगडलेल्या बाईला हजारावा भाग म्हणजे काय ते बरोबर कळलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून ती बाबांना घेऊन हिशेब मांडायला बसली. तारा एवढा मंद, ग्रह त्याच्यापासून एवढा लांब, तर ऊन किती पोचेल? उत्तर आलं शून्याखाली दोनशे चाळीस अंशांच्या आसपास. "मधू, यात हवासुद्धा गोठेल रे," ती म्हणाली, आणि एखाद्या भाच्याचं कौतुक करावं तशी हसली.

म्हात्रेकाकांना देखाव्यात काहीतरी नवीन हवं होतं. त्यांचं म्हणणं, "पलीकडच्या मंडलानं गुहा केली का आपन किल्ला, त्यांनी किल्ला केला का आपन गुहा. कटाललो मी." काकांची मागची पिढी खाडीकाठच्या मिठागरांत राबली, आता त्या बाजूला त्यांच्या तीन बिल्डिंगी आहेत, पण मिठाची भाषा गेलेली नाही. मावशीनं सांगितलं, की हा ग्रह नुसता वायूचा गोळा असणार, त्याच्यावर उभं राहायला जमीन नाही. म्हणून आपण त्याचा एक चंद्र कल्पू, प्रेक्षक त्या चंद्राच्या बर्फावर उभे राहतील आणि समोर आकाशात ग्रह लटकेल. काका लगेच म्हणाले, "बरफ म्हनून मीठ टाकू. जाडा मीठ. चांदन्यासारखा चमकतो." ट्रक भरून मीठ आलं, मंडपात पसरलं, आणि दिव्याखाली ते खरंच चांदण्यासारखं चमकलं. पण भाद्रपदातली डोंबिवलीची हवा... तिसऱ्या दिवशी मीठ पाझरायला लागलं. शून्याखाली दोनशे चाळीसच्या चंद्राला घाम फुटला आणि तो ओघळत रस्त्यावर आला. मंडळाची पोरं पोटं धरून हसली. काका मात्र गंभीर होते. "मीठ पानी ओढतंय ह्या आमाला ठावं नाय? आमाला! आमची म्हातारी आयकल तं काय बोलंल?" रातोरात मीठ उपसलं, मेण आणि अभ्रकाची पूड आली, आणि खाडीवरच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून त्यांच्यामागे टेबलफॅन लावले, म्हणजे आत शिरणाऱ्याला निदान पावलांना गारवा लागावा.

गोळा मात्र मावशीनं स्वतः केला, वेताच्या कामट्या वाकवून, कंदिलासारखा, माणसापेक्षा उंच. रंग राखाडी-निळा. समोर कोपऱ्यात तांबडा झिरोचा बल्ब, तो तारा. आणि मंडपाच्या तोंडाशी एक पाटी. त्या पाटीवर तिनं एक गोष्ट केली जी मी आजवर कुठल्याही प्रदर्शनात पाहिलेली नाही. जे मोजलेलं आहे ते काळ्या अक्षरात लिहिलं आणि जे कल्पिलेलं आहे ते निळ्या अक्षरात. काळ्यात: अंतर, वस्तुमान, चोवीस वर्षांची फेरी, थंडी. निळ्यात: चंद्र आहे. त्याच्यावरची हवा गोठून जमिनीवर पडली आहे. पायाखाली जे चुरचुरतं ती कधीतरी वाहिलेली हवा आहे. दिवसा इथे आपल्या पौर्णिमेहून थोडा जास्त उजेड असतो, तांबूस. त्या उजेडात माणसाची सावली पडेल, पण तिच्या कडा कुणाला नीट दिसणार नाहीत. हे निवेदन कॅसेटवर माझ्या आवाजात होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, वक्तृत्वाच्या ढाली मिळवत होते आणि प्रत्येक वाक्य सभा जिंकल्यासारखं बोलत होते. मावशी म्हणाली, "हळू बोल. तिथे ओरडायला हवा नाही."

गर्दी झाली. शाळा आल्या, कल्याणहून, विठ्ठलवाडीहून लोक आले. एक बाई पत्रिका घेऊन आली आणि हा नवा ग्रह कितव्या घरात धरायचा ते विचारायला लागली. चोवीस वर्षांची फेरी म्हणजे साडेसातीच्या तिपटीहून जास्त की हो, म्हणाली. "याची शांत असते का?" मावशी म्हणाली, "असते ना. तिथे एवढी शांतता आहे, की कुणाची साडेसाती कुणाला ऐकू जाणार नाही." बाबा खूश होते. त्यांच्या पत्रकाच्या दोन आवृत्त्या मंडपाबाहेर संपल्या. शहरातल्या मंडळांची स्पर्धा होती, परीक्षक दोन दिवसांनी येणार होते, आणि पहिलं बक्षीस आपलंच हे काकांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी एक वयस्क गृहस्थ पाटी वाचत बराच वेळ उभे राहिले. ठाण्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते मावशीला बाजूला घेऊन फार अदबीनं म्हणाले, "बाई, काम सुंदर आहे. पण हा ग्रह मागे घेतलाय हो. दहा-पंधरा वर्षं झाली." मावशीनं वाद घातला नाही. कुठे वाचायला मिळेल ते विचारलं, दुसऱ्या दिवशी रजा टाकली, मुंबईला जाऊन ग्रंथालयात बसली, आणि संध्याकाळी परतली ती सरळ आमच्याकडे. झालं होतं असं: ज्या दुर्बिणीतून ते फोटो घेतले होते, तिचं भिंग मध्ये काढून, साफ करून परत बसवलं होतं. त्यानंतर फोटोंतला एकटा तो ताराच काय, सगळे तारे एकदम सरकलेले दिसत होते. दुसरीकडच्या दुर्बिणीतून पाहिलं तर तारा मुळीच डगमगत नव्हता. डगमगलं होतं ते यंत्र.

पुढचं संभाषण माझ्यासमोर झालं आणि त्यानं माझं पत्रकांवरचं बालपण संपवलं. बाबा म्हणाले, "उत्सव संपू दे, मग पुढच्या पत्रकात एक ओळ घालू." मावशी म्हणाली, "आज." बाबा म्हणाले, "आपण आपल्या तोंडानं सांगायचं, की विज्ञान चुकलं? उद्या एखादा कुडमुड्या ज्योतिषी मंडपाबाहेर टेबल टाकून बसेल." मावशी म्हणाली, "बसू दे. त्यानं आजवर एक तरी भाकीत मागे घेतलंय? आपल्याकडे मागे घेतात. तुझ्याकडे त्याच्याहून जास्त असं तेवढंच आहे मधू, आणि नेमकं तेच तू पलंगाखाली सारतोयस." बाबा उठून गॅलरीत गेले. मी त्यांची मुलगी, त्यांच्या पत्रकांवर वाढलेली, त्यांच्या मागे गॅलरीत जायला उठले, आणि गेले ती लाल रंगाचा डबा शोधायला.

पाटी आम्ही दोघींनी केली. खरं तर नवीन काही केलं नाही. जुन्या पाटीवर काळ्या ओळींतून लाल रेघा मारल्या, खालचं वाचता येईल अशा. ताऱ्याचं अंतर तेवढं राहिलं, बाकी वस्तुमान, फेरी, थंडी, सगळं कापलं. शेजारी त्रिकोण, खाली चौकटीत: 'हा ग्रह असल्याचा दावा मागे घेण्यात आला आहे. आम्हाला हे उशिरा कळलं.' आणि तिची सही. निळ्या ओळींना रेघ मारावी लागली नाही. त्या उभ्याच्या उभ्या राहिल्या, गोठलेली हवा, चुरचुरणारं पाऊल, कडा नसलेली सावली. मी विचारलं, मावशी, हे कसं राहिलं? ती ब्रश पुसत म्हणाली, "त्याच्याबद्दल आपण कधी काही शपथेवर सांगितलंच नव्हतं."

म्हात्रेकाका आले आणि पाटी बघून त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "बाई, पोरांनी बांबूवर चरून गोला टांगला, मीठ उपसला, आनि आता तुमी लिवता ग्रहच नाय? उद्या कमिटी येनार हाय!" मावशी म्हणाली, ग्रह आहे की नाही ते मला माहीत नाही, मोजलेलं चुकलं एवढं माहीत आहे. "मंग कमिटी जाईपावत गप रावा ना." "कमिटी गेल्यावर खरं बोलायला माझी काय गरज? तेव्हा कुणीही बोलेल." काकांनी पाटीला हात घातला. मावशी शांतपणे म्हणाली, "काढा. मी गोळा उतरवून घरी नेते. बांबू तुमचे, लाद्या तुमच्या, गोळा माझा." "नेनार कशी? दारातून जानार नाय यो!" "कापून नेईन." काकांनी तिच्याकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. पन्नाशीची, पाच फुटांची बाई, हातात लाल रंगाचा ब्रश. त्यांनी हात काढून घेतला. पण कॅसेट बदलायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यामुळे उरलेले दिवस मोठा चमत्कारिक प्रकार चालला. बाहेर पाटी म्हणे ग्रह नाही, आत माझा आवाज म्हणे आहे.

लोक चिडले, हे लपवणार नाही. "नाय तर लाइन कशाला लावली?" असं तोंडावर विचारणारे होते. पण बरेच जण पाटीपाशी थांबून भांडायला लागले, आपसात, भिंग साफ केल्यानं तारा कसा हलेल यावर. गणपतीसमोर इतकी माणसं दुर्बिणीच्या भिंगावर भांडताना मी पुन्हा पाहिली नाहीत. काकांची म्हातारी आई नातवाच्या खांद्याला धरून आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देव तरी कुटं दिसतो? आमी येतोच ना." मावशी हात जोडून म्हणाली, "आजी, देवाचं तुम्ही बघा. याचं मला बघू द्या." म्हातारी इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. परीक्षक आले, पाटी वाचली, एकमेकांकडे बघितलं, आत न रेंगाळता गेले. बक्षीस पलीकडच्या मंडळाच्या गुहेला मिळालं. पुढच्या वर्षी मंडळानं किल्ला केला आणि मावशीला विचारलं नाही. ती दर्शनाला गेली, प्रसाद घेतला, किल्ल्याचा बुरूज वाकडा आहे असं पोरांना सांगून आली.

बाबांचा आणि तिचा अबोला बराच टिकला. चहा दारातून दिला-घेतला जाई. पंच्याण्णव साली दिवाळीच्या सुमारास पेपरात बातमी आली, की आपल्या सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती खरोखरचा ग्रह सापडला. बाबा पेपर नाचवत समोरच्या दारात गेले. "कुमुद! निघालाच की नाही शेवटी!" मला वाटलं, आता तरी ही बाई विजय मानेल. तिनं चष्मा लावला, बातमी पुरती वाचली आणि म्हणाली, "मधू, हा तारा वेगळा आहे. आणि हा ग्रह चार दिवसांत एक फेरी मारतो, ताऱ्याला चिकटून. भट्टी आहे ती. आपला थंड होता." बाबा दारातच उभे. "अगं, पण ग्रह सापडला ना!" "सापडला. त्यांचा सापडला. पेढे आण, पण आपला म्हणून आणू नकोस." बाबांनी पेढे आणले. अबोला त्या दिवशी संपला.

आता परवाची बैठक. मंडळाच्या ऑफिसात नवीन पोरं होती, बरीचशी मला न ओळखणारी. काकांचा पुतण्या सुशांत हल्ली सगळं बघतो. मुलगा मनानं चांगला आहे. तो म्हणाला, "ताई, मॅडमसाठीच करतोय ना आपण? मग 'नाही' कशाला लिहायचं? पब्लिक बोलणार, उल्लू बनाया. आणि आता एवढे ग्रह सापडतात, कोण चेक करतंय?" मी म्हटलं, ती करायची. तिच्या फोटोला हार घालून तिनं कापलेलं वाक्य तुम्ही परत जोडणार असाल, तर ते खरवडणंच आहे, आणि त्या पाटीसाठी तिनं तुमचं बक्षीस आणि आमच्या बाबांची मैत्री दोन्ही पणाला लावली होती. माझा आवाज हवा असेल तर मला हवं ते वाचीन. नसेल तर दुसरा आवाज शोधा, आणि मी माझ्या साप्ताहिकात काय लिहीन तेही ऐकून ठेवा. कुणीतरी म्हणालं, मतदान घेऊ. तेव्हा आतापर्यंत सुपारी कातरत बसलेले काका बोलले. "त्या बाईनं माझा बक्षीस घालवला. राग व्हता मला, कनाला खोटा बोलू? पन मला सांगा, त्या साली गुहा कुनी केलती? आनि किल्ला कंच्या साली?" कुणालाच आठवेना. "गोला आठवतो ना समद्यांना? मंग. पाटी लागंल."

मी म्हटलं, "काका, नुसती पाटी पुरणार नाही. या वेळी कॅसेटसुद्धा त्या 'नाही'पासूनच सुरू होईल. पहिलं वाक्य." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तू तिच्यापरीस वंगाल हायेस गो," म्हणाले, आणि पुढचा विषय वर्गणीचा घेतला.

रेकॉर्डिंग काल झालं. रस्त्याचा आवाज नको म्हणून आम्ही ते मावशीच्या मागच्या खोलीत केलं. किल्ली अजून आमच्याकडे आहे. खिडकीशी तिचं तिरकं टेबल तसंच आहे, वर दिवा, आणि त्यापुढे उंच स्टूल, ज्यावर ती पाय न टेकता बसायची. माईक टेबलावर ठेवला आणि मी त्या स्टुलावर बसले. सुशांतनं टेपरेकॉर्डर सुरू केला, मला बोट दाखवलं, आणि मग स्वतःच घाबरल्यासारखा म्हणाला, "ताई, एकदा विचार कर हं. सुरुवातच निगेटिव्ह होतेय." बाबा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "वाचू दे तिला."

मी ओरडले नाही. तिनं सांगितलं असतं तेवढ्याच आवाजात वाचलं:

"नमस्कार. तुम्ही जो ग्रह बघायला आला आहात, तो सापडलेला नाही. एकदा सापडला असं वाटलं होतं, ते चुकलं. चूक कुणाची आणि कशी, ते बाहेर लिहिलं आहे. आता आत या, आणि सांभाळून पाऊल टाका. पायाखाली गोठलेली हवा आहे."